ताकीद पायरीच्या आधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हर्णैचा. १९७९ पासून चिपळूणच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवत होतो. पुढे खिळे गेले, संगणक आला, तेव्हा डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे काम, शिकलो आणि बाजारपेठेत स्वतःचे लहानसे दुकान टाकले. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी दुकानात शिरले, यंत्रे गेली आणि मी आईच्या गावी परत आलो. आता इथल्या एका मच्छिमार सोसायटीच्या कार्यालयात कागदपत्रांच्या कामाला मदत करतो. एवढे सांगितले ते अशासाठी, की आज ज्यावर लिहितो आहे तो सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या मराठी पुस्तिकांचा विषय अक्षरांचा आणि पानांच्या मांडणीचा आहे, आणि माझे सारे आयुष्य त्यातच गेले आहे.

गेल्या ३१ मार्चची गोष्ट. आमच्या सोसायटीत बोटींच्या डिझेलचा, बर्फाचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब दोन वर्षांपासून संगणकावर आहे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. वर्षअखेर करायची होती. कार्यालयातली मुलगी कामाला चोख आहे. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या पुस्तिकेचे ६१ वे पान उघडून, ओळीवर बोट ठेवून ती एकेक पायरी करत गेली. 'वर्षअखेर' उघडा. वर्ष निवडा. 'पुढे' दाबा. 'होय' दाबा. तिने 'होय' दाबले, वर्ष बंद झाले. मग तिने पान उलटले. ६२ व्या पानाच्या डोक्यावर, त्याच आकाराच्या आणि त्याच जाडीच्या अक्षरांत पुढची ओळ होती: वरील प्रक्रिया करण्यापूर्वी सर्व प्रलंबित नोंदी मंजूर कराव्यात व बॅकअप घ्यावा, वर्ष बंद झाल्यावर मागील नोंदी बदलता येणार नाहीत.

डिझेलच्या २१२ पावत्या मंजुरीविना मागच्या वर्षात अडकल्या. पावतीपुस्तके काढून, नाखव्यांना एकेक करून बोलावून, त्या पुन्हा भरायला आम्हाला १९ दिवस लागले. कंपनीला फोन केला तर उत्तर आले, "पुस्तिकेत दिलेले आहे." मासिक सभेत त्या मुलीला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावे लागले. मी त्या सभेत होतो. तिने एकही पायरी चुकवली नव्हती. पुस्तिकेने जो क्रम दिला त्याच क्रमाने ती गेली होती, आणि तरी बोलणी तिला बसली. ती खाली मान घालून उभी होती ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे पत्र.

त्या रात्री मी पुस्तिका घरी नेली. १४६ पाने. मजकूर वाईट नाही, लिहिणाऱ्याला विषय माहीत आहे हे कळते. पण पान लावणाऱ्याने पानाकडे पाहिलेलेच नाही. एकट्या ६१ व्या पानावर मी २७ ठळक शब्द मोजले. बटणांची नावे ठळक, रकान्यांची नावे ठळक, 'कृपया' ठळक, आणि जी ओळ खरोखर ठळक हवी होती ती तेवढी साधी. पायऱ्यांचे आकडे हाताने टंकलेले. मधली एखादी पायरी कुणीतरी काढून टाकली असावी, कारण ४ नंतर एकदम ६ येतो, आणि ७४ व्या पानावर 'मागील प्रकरणातील पायरी ५ पाहा' असे अजून लिहिलेले आहे. मथळे म्हणजे नुसती मोठी केलेली अक्षरे, त्यामुळे अनुक्रमणिकाही हातानेच केलेली, आणि पानांचे आकडे तीनतीनने चुकलेले. रकाने सरळ दिसावेत म्हणून स्पेसबार दाबून जागा सोडली आहे. लिहिणाऱ्याच्या संगणकावर ते सरळ दिसले असतील. आमच्या पडद्यावर सगळे रकाने विस्कटलेले दिसतात.

छापखान्यात काळा टाइप, म्हणजे आजचे ठळक अक्षर, जपून वापरावा लागे. पांढऱ्या म्हणजे साध्या टाइपाची केस, म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी, भरलेली असायची, काळ्याची अर्धी. पानात चारपाच शब्द काळे घेतले की 'ण' नाहीतर 'ल' संपायचा. त्यामुळे कोणता शब्द काळा घ्यायचा याचा विचार आधीच व्हायचा. आज एक बटण दाबले की शब्द ठळक होतो. टंचाई गेली ते बरेच झाले, पण तिच्याबरोबर तो विचारही गेला.

हस्तलिखित आमच्याकडे यायचे तेव्हा त्यावर लाल शाईच्या खुणा असायच्या. शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे काळा टाइप. समासात 'मुख्य मथळा', 'पोटमथळा', 'अवतरण', 'तळटीप' असे लिहिलेले. त्या खुणा करण्याला इंग्रजीत मार्कअप म्हणत आणि संगणकातला मार्कअप हा शब्द तिथूनच आला. खुणा करणारा माणूस 'हा मजकूर काय आहे' ते सांगायचा. तो किती पॉइंटांत, कोणत्या टाइपात दिसेल हे छापखाना ठरवायचा. १९६९ साली आयबीएम या संगणक कंपनीत, मूळचे वकील असलेले चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी हीच वाटणी संगणकात आणली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला जीएमएल म्हटले गेले, पुढे १९८६ साली एसजीएमएल या नावाने ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि वेबपाने ज्यात लिहिली जातात ती एचटीएमएल त्याच घराण्यातली. २००४ साली आलेली मार्कडाउन ही त्याहून सुटसुटीत रीत. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की ती ओळ मथळा होते. आज जगभर सॉफ्टवेअरच्या किती तरी पुस्तिका अशा साध्या मजकुरात लिहिल्या जातात. आपल्याकडच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना यातले काहीच शिकावे लागत नाही असे नाही, पण फार थोडे शिकावे लागते. लिब्रेऑफिस हे लेखनाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात एफ११ दाबले की स्टाइलची, म्हणजे ठरवून ठेवलेल्या अक्षररूपांची, यादी समोर येते. मथळ्याला मथळ्याची स्टाइल दिली की अनुक्रमणिका संगणक स्वतः करतो आणि पाने हलली तरी आकडे बरोबर राहतात. पायऱ्यांना आपोआप क्रमांकाची यादी दिली की मधली पायरी काढली तरी ४ नंतर ५ च येतो.

आता ज्याविषयी कुणी फारसे बोलत नाही ते थोडे सविस्तर लिहितो. या पुस्तिका बहुधा इंग्रजी पुस्तिकेच्या सांगाड्यावर उभ्या असतात. इंग्रजीत एखादा शब्द वेगळा दाखवायचा तर तो तिरका करतात, सगळी अक्षरे कॅपिटल करतात, नाहीतर खाली रेघ मारतात. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाहीच. तिरके अक्षर आपल्या लिपीच्या वळणाचे नाही. संगणक उभे अक्षरच ढकलून तिरके करतो, आणि लहान आकारात 'ष' आणि 'प' यांत फरक करताना डोळ्यांना त्रास होतो. खालची रेघ तर घातच करते. आमच्या पुस्तिकेत एका रकान्याचे नाव 'चालू खाते' असे आहे, खाली रेघ मारलेले. ती रेघ 'लू'च्या ऊकारातून गेली आहे आणि शब्द 'चाल खाते' असा वाचला जातो. आमच्या एका वयस्कर संचालकांनी तो तसाच वाचला आणि हे कुठले खाते म्हणून विचारले. अक्षरांत अंतर वाढवून मथळा रुंद करायची हौसही इंग्रजीतलीच. आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे होतात. ओळींतले अंतर ठरावीक पॉइंटांत बांधून ठेवले की 'वर्गीकरण' मधला रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते. ४७ व्या पानावर तो शब्द चार वेळा आहे आणि चारही वेळा त्याचे डोके उडालेले आहे. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात, दोहोंना जागा लागते. हे छापखान्यातल्या पोरालाही ठाऊक होते.

वेगळेपणा दाखवायला आपल्याकडे ठळक अक्षर आहे, चौकट आहे, समास सोडणे आहे, अवतरणचिन्ह आहे. तेवढ्यावर भागते. फक्त एका खुणेचा एकच अर्थ हवा. ठळक म्हणजे पडद्यावरचे बटण, असे एकदा ठरवले तर १४६ पानांत दुसरे काहीही ठळक असू नये.

शोधण्याची गोष्ट आणखी अवघड आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी पद्धत. पुस्तिकेची पहिली ५० पाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे आहेत. कंट्रोल एफ दाबून 'डिझेल' शोधले की तिथला एकही 'डिझेल' सापडत नाही. उरलेली पाने युनिकोडमध्ये आहेत, पण ती वेगवेगळ्या हातांनी टंकलेली. 'व्यापाऱ्याचे खाते' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साध्या 'र'चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारे चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्या मुलीने शोधले तेव्हा तिला दोनच जागा सापडल्या, आणि व्यापाऱ्यांच्या थकबाकीचे प्रकरण पुस्तिकेत नाहीच असे तिला वाटले. ते होते, ९३ व्या पानावर. जिथे दर्या आणि दऱ्या दोन्ही रोज बोलण्यात येतात त्या आमच्या कोकणात तरी या आडव्या 'र'ची किंमत कुणाला वेगळी सांगायला नको. पुस्तिका कुणीही टंकावी, पण एकच रीत ठरवून टंकावी आणि शेवटी एकदा सगळीकडे सारखी करून घ्यावी.

आकड्यांचेही तेच. पडद्यावर 4 आणि पुस्तिकेत ४, हे वाचणाऱ्याला चालते. पण जे जसेच्या तसे टंकायचे आहे ते पडद्यावर दिसते त्याच आकड्यांत छापले पाहिजे, कारण मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. बँकेच्या आयएफएससी कोडचा नमुना पुस्तिकेत नक्षीदार फाँटात दिला आहे. या कोडमध्ये ११ अक्षरे असतात, पहिली चार बँकेची आणि पाचवे नेहमी शून्य. त्या फाँटात शून्य आणि 'ओ' एकसारखेच दिसतात. नमुना पाहून आमच्याकडे नऊ सभासदांच्या कोडमध्ये शून्याच्या जागी 'ओ' भरला गेला आणि त्यांच्या लाभांशाच्या रकमा बँकेतून परत आल्या. टंकायच्या मजकुरासाठी प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देणारा, शून्यात रेघ किंवा टिंब असणारा वेगळा फाँट वापरायची जुनी रीत आहे. तिच्यामागचे कारण हेच. सोबत 'पाचवे अक्षर शून्य आहे' एवढे चार शब्द लिहिले असते तर नऊ घरांचे पैसे अडकले नसते.

शेजारच्या वाडीत एक तरुण आहे. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए नावाचे फुकट मिळणारे वाचक सॉफ्टवेअर वापरतो, ते पडद्यावरचा मजकूर मराठीत बोलून दाखवते. सोसायटीत अर्धवेळ काम मिळेल का म्हणून तो आला होता. मी त्याला पुस्तिका ऐकवून पाहिली. पहिल्या ५० पानांतून अर्थहीन इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकू आली. चित्रांवर ते नुसते 'चित्र' म्हणून पुढे गेले, कारण पडद्याचे फोटो चिकटवले आहेत पण त्यांत काय आहे ते कुठेही शब्दांत लिहिलेले नाही. त्याने मला सांगितले की पान नीट बांधलेले असेल तर तो एच ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातो. आमच्या पुस्तिकेत त्याला एकही मथळा सापडला नाही, कारण त्यात मथळे नव्हतेच, मोठी अक्षरे होती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि त्यात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असण्याची तरतूद आहे. तो कायदा पुस्तिकेच्या पानापर्यंत उतरलेला मला अजून दिसला नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, लिलाव बंद, कार्यालयात वर्दळ नाही. या दोन महिन्यांत त्या मुलीने आणि मी मिळून पुस्तिका नव्याने लिहायला घेतली. कंपनीकडे मूळ फाइल मागितली होती, पण पीडीएफच मिळाली, म्हणून सगळे पुन्हा टंकले. आधी आम्ही सहा स्टाइल ठरवल्या: मथळा, पोटमथळा, पायरी, ताकीद, बटण, टंकायचा मजकूर. सातवी घ्यायची नाही असे ठरवले आणि पाळले. ताकीद नेहमी पायरीच्या आधी, चौकटीत, आणि चौकट व पायरी एकाच पानावर. एका पायरीत एकच कृती. पायरीनंतर पडद्यावर काय दिसले पाहिजे ते एका ओळीत. पुस्तिकेत 'जतन करा' आणि पडद्यावर 'सेव्ह' असे जिथे होते तिथे पडद्यावरचाच शब्द ठेवला.

यावरून आठवले. आमच्या कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले तेव्हा पानावर एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी छापले. वाचणाऱ्याची नजर एका ओळीवरून शेजारच्या ओळीवर जाऊ शकत होती. आम्ही पुस्तिकेच्या शेवटी तसेच दोन रकाने केले आहेत, डावीकडे पडद्यावरचा शब्द, उजवीकडे त्याचा सोसायटीच्या भाषेतला अर्थ. 'पोस्टिंग' म्हणजे खात्यावर चढवणे, 'रिव्हर्सल' म्हणजे उलट नोंद. मुलीने त्यात ६८ शब्द जमवले. मला अर्धेही सुचले नसते. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या शेजारी ती वापरणारा माणूस बसलेला असावा हे मी या कामात शिकलो.

पुस्तिका आता ८८ पानांची झाली आहे. वर्षअखेरचे प्रकरण दीड पानाचे, आणि ताकीद पहिल्या ओळीत. त्या दृष्टिहीन तरुणाला ती ऐकवली. दहा मिनिटांत त्याने डिझेलची पावती कशी भरायची ते शोधून काढले, आणि मी काही न सांगता भरून दाखवली.

२०२२ साली केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. गावोगावच्या विकास सोसायट्या, पतसंस्था, मच्छिमार संस्था, ग्रामपंचायती यांच्या टेबलावर संगणक आले आहेत आणि येत आहेत. प्रशिक्षण देणारा माणूस एक दिवस येतो आणि जातो. उरलेले ३६४ दिवस पुस्तिकाच असते. म्हणून आपल्या वृत्तपत्रातून संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअरचे शेवटचे बिल देण्याआधी पुस्तिका उघडून पाच मिनिटे पाहा. आपल्या कामातले तीन शब्द शोधून पाहा, सापडतात का. अनुक्रमणिकेतल्या ओळीवर क्लिक करून पाहा, त्या पानावर जाते का. जे काम उलटवता येत नाही त्याचे पान काढा आणि ताकीद आधी आहे की नंतर ते पाहा. पीडीएफसोबत दुरुस्त करता येईल अशी मूळ फाइल करारातच लिहून घ्या. आणि ज्या कर्मचाऱ्याला ते वापरायचे आहे त्याला समोर बसवून एक प्रकरण करून घ्या. जिथे त्याचे बोट थांबेल तिथे पुस्तिका दुरुस्त करायला सांगा.

कंपन्यांना आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संगणक शिकणाऱ्या मुलांनाही सांगतो. या कामाला कुणी कमी समजू नये. प्रोग्राम लिहिणाऱ्याला जेवढे श्रेय तेवढेच त्याची पुस्तिका नीट बांधणाऱ्याला मिळाले पाहिजे आणि पैसेही मिळाले पाहिजेत. मुलांनी प्रकल्प म्हणून गावातल्या एका संस्थेची एक पुस्तिका घ्यावी आणि फक्त मथळे, पायऱ्या आणि ताकिदी नीट लावून द्याव्यात. मजकूर बदलायचीही गरज पडणार नाही.

आमची सहा स्टाइल असलेली कोरी फाइल, ज्यात कंपनीचा मजकूर नाही, फक्त साचा आहे, कुणालाही फुकट मिळेल. लिलावाची वेळ सोडून हर्णै बंदरावर येऊन आमच्या कार्यालयात विचारावे, पेन ड्राइव्ह सोबत आणावा. मी नसलो तर ती मुलगी देईल, आणि साचा कसा वापरायचा ते माझ्यापेक्षा नीट समजावून सांगेल.

आपला नम्र,
एक जुना जुळारी
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी